सहभागी क्रमांक सात

उर्मिला: अडतीस? बाबा, शंभरपैकी अडतीस?

बाळासाहेब: पस्तीसला पास हाय. नापास न्हाई केलेला. वर नीटनेटकेपणाचे पाच दिलेत, शेवटच्या पानावर बघ.

उर्मिला: नीटनेटकेपणा कसला? प्रिंटरनं काढलाय तो!

बाळासाहेब: म्हणून तर पाचच. हातानं लिवला असता तर सात दिले असते.

उर्मिला: पण तुम्हाला तपासायला सांगितलं कुणी? आणि सापडला कुठे? मी हॉटप्रेसमध्ये ठेवला होता. टॉवेलांच्या कपाटात, सगळ्या टॉवेलांच्या खाली.

बाळासाहेब: मला टॉवेल पायजे हुता.

उर्मिला: तुमचा वरच असतो.

बाळासाहेब: वरचा तुझ्या लेकीनं सकाळीच पोहायच्या पिशवीत भरला. दुसरा काढला तर खाली गठ्ठा. आता मला सांग, बावीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासलेल्या माणसाला कापडाखाली लपवलेला पेपर घावला, तर तो काय समजंल?

उर्मिला: काय?

बाळासाहेब: कॉपी!

उर्मिला: कॉपी नाही हो! हा दुसऱ्या कुणाचा तरी शोधनिबंध आहे. कुणाचा ते मलाही सांगितलेलं नाही. जर्नलनं मला पाठवलाय, छापण्यासारखा आहे का ते वाचून कळवायचं. रिव्ह्यू म्हणतात त्याला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला विचारलंय, बाबा. पुढच्या महिन्यात हॉस्पिटलात माझा ट्रेनिंगच्या जागेचा इंटरव्ह्यू आहे, तिथे हे दाखवायचंय. आज पाचच्या आत पाठवायचाय. आणि हा कुणालाही दाखवायचा नसतो. नवऱ्यालासुद्धा नाही. तशी मी टिक केलीय.

बाळासाहेब: मग झालं की. मी कुठं तुझा नवरा हाय? सासरा हाय.

उर्मिला: बाबा!

बाळासाहेब: चेष्टा केली गं. नियम मला कळत न्हाई व्हय? गठ्ठा घरात आला की पियूषच्या आईला त्या खोलीत झाडू मारायची बंदी हुती. पियूष धावीला बसला त्या साली मी बोर्डाला लिहून दिलं, माझा पोरगा परीक्षेला हाय, ह्या साली मला पेपर नको. हेडमास्तर हसले. म्हणाले, सर, लाखभर पोरांत तुमचा एक, तुमच्याकडं कशाला येतोय? मी म्हटलं, आलाच तर माझा हात सरळ राहणार न्हाई, आणि ते मला आधीच ठावं हाय.

उर्मिला: एवढं सगळं ठाऊक असून लाल पेन कसं घेतलंत मग?

बाळासाहेब: पहिल्याच पानावर 'यावरून स्पष्ट होते' असं लिवलंय आणि खाली पुराव्याच्या नावानं शिमगा. पेन आपोआप हातात आलं.

उर्मिला: बघू. 'निष्कर्ष घाईत.' 'हे कुणी सांगितले?' 'सर्वांची उत्तरे सारखी कशी? पर्यवेक्षक झोपले होते काय?' ... बाबा, खरं सांगू का? हे सगळं बरोबर आहे. माझी तीनच पानं नीट वाचून झालीत, पण मला हेच खटकत होतं. बत्तीस आजी-आजोबा आणि एकाचीही तक्रार नाही.

बाळासाहेब: तीनच पानं? आज द्यायचाय आणि तीन?

उर्मिला: आठवडाभर वॉर्डमधून मान वर करायला मिळालेली नाही. आता बसतेच आहे ना.

बाळासाहेब: मग आधी पान सहा काढ. क्रमांक सात वाच. मोठ्यानं.

उर्मिला: कशाला?

बाळासाहेब: वाच की.

उर्मिला: 'सहभागी क्रमांक सात. वय एकाहत्तर. निवृत्त इंग्रजी शिक्षक, पश्चिम भारतातील द्राक्षांसाठी प्रसिद्ध अशा लहान गावातून मुलाकडे वास्तव्यास. "घर सुंदर आहे. मुलांजवळ आहे. आणखी काय हवं?"' ... बाबा.

बाळासाहेब: द्राक्षाच्या गावचा रिटायर इंग्रजी मास्तर ह्या आख्ख्या आयर्लंडात कितीजण असतील?

उर्मिला: थांबा, थांबा. परवाच्या दिवाळीत नव्हे, त्याच्या आधीच्या. आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये. ती कॉर्कची मुलगी, फाईल घेऊन बसली होती.

बाळासाहेब: चकलीच्या टेबलाशेजारी. प्रश्न एक विचारायची, चकल्या दोन खायची.

उर्मिला: कॉलेजचा प्रोजेक्ट आहे म्हणाली होती!

बाळासाहेब: मोठा झाला की प्रोजेक्ट.

उर्मिला: 'आवश्यक तेथे कुटुंबातील व्यक्तीने दुभाष्याचे काम केले.' अरे देवा. ती व्यक्ती मी. पण तुम्ही इंग्रजीचे मास्तर, तुम्हाला दुभाषी लागलाच कशाला?

बाळासाहेब: मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, खरं ती पोरगी बोलत हुती ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. कॉर्कचं इंग्रजी म्हंजे गाणं म्हणत पळाल्यासारखं. तूच म्हणालीस, बाबा, तुम्ही आपलं मराठीत बोला, मी सांगते तिला.

उर्मिला: हो. म्हणाले होते.

पियूष: बाबा! बाबा कुठे आहेत? बाबा, ग्रुपवर काय टाकलंय तुम्ही?

बाळासाहेब: आला का? ईशानीला सोडलंस पोहायला?

पियूष: सोडलं. गाडी लावेपर्यंत माझ्या फोनचा पार भोंगा झाला. 'आयर्लंड आजी-आजोबा'. सत्तावन्न मेंबर. कुणाचा आवाज गेला, कुणाचे फोटो दिसत नाहीत, म्हणून मला बिचाऱ्याला ठेवलंय त्यात. कसला कागद आहे हा?

उर्मिला: कसला कागद?

पियूष: हा बघ. फोटो. लाल पेनाच्या खुणा वगैरे. आणि खाली लिहिलंय, 'दिवाळीतील मुलाखतीत ज्यांचे उत्तर वेगळे होते त्यांनी आपला क्रमांक कळवावा. बाळासाहेब, माजी मॉडरेटर.'

उर्मिला: पान सहा. मेले मी. मेले.

बाळासाहेब: अगं, पडताळणी करायला नको? एका पेपरावरनं कॉपी सिद्ध होत न्हाई, बाकीचे बघायला लागतात.

उर्मिला: बाबा, हे गुप्त असतं! गुप्त म्हणजे गुप्त! सत्तावन्न जणांना नाही दाखवायचं! पियूष, आधी ते काढून टाक तिथून!

पियूष: काढलं आत्ताच. पण सगळ्यांचं बघून झालंय. अकरा उत्तरंसुद्धा आलीत.

बाळासाहेब: अकरा? वाच की.

उर्मिला: नको वाचू!

पियूष: प्रभाकाकू, सँडीफोर्ड. 'क्रमांक चार मी. नातवंडांसोबत केक करण्यात वेळ छान जातो असे मी म्हटलेले नाही. मला त्या ओव्हनच्या वासाने मळमळते. हे माझ्या मुलाने सांगितले.'

बाळासाहेब: नोंद घे.

पियूष: शशिकांतकाका, वॉटरफोर्ड. 'क्रमांक नऊ. हवामान आल्हाददायक आहे असे मी शुद्धीवर असताना म्हणणार नाही.'

बाळासाहेब: बघ! मी काय म्हणत हुतो? सगळे पोरांनी सांगितलेलं उत्तर लिवून बसलेत.

पियूष: आणि पद्मिनीमावशींनी नुसता रडका चेहरा टाकलाय. क्रमांक माहीत नाही म्हणतात.

उर्मिला: सव्वातीन वाजले. पियूष, टॉवेलांखाली लपवलेला हा निबंध मला पाचच्या आत तपासून द्यायचाय, आणि त्यात क्रमांक सात बाबा, दुभाषी मी. काय करू मी? सांगा कुणीतरी काय करू.

पियूष: हे बघ, डोकं शांत ठेव. सोपं आहे. कळवून टाक, वेळ नाही, जमत नाही. रोज हजार लोक कळवत असतील. विषय संपला. कुणाला कळतंय इथे पोर्टलीशमध्ये आपल्या टॉवेलांखाली काय झालं ते?

उर्मिला: मग ते दुसऱ्या कुणालातरी पाठवतील.

पियूष: पाठवू देत की.

उर्मिला: आणि तो पास करील. वरवर पाहिलं तर निबंध चांगला आहे रे. तक्ते आहेत, बेरजा बरोबर आहेत. बत्तीस माणसं खोटं बोलली हे त्याला कुठून कळणार? आणि शेवट वाच. 'हे ज्येष्ठ समाधानी असून त्यांच्यासाठी स्वतंत्र सोयींची आवश्यकता दिसून येत नाही.' मंडळानं कौन्सिलकडे आठवड्यातून एक दिवस हॉल आणि गाडी मागितलीय ना यांच्यासाठी? हे छापून आलं की तो अर्ज गेलाच कचऱ्यात.

पियूष: मग उलट कर. तूच ठेव रिव्ह्यू आणि धुऊन काढ त्याला. बाबांनी मुद्दे काढूनच दिलेत. भाषांतर करायचं आणि पाठवायचं. इंटरव्ह्यूचंही काम झालं.

बाळासाहेब: तसलं चालत न्हाई, पियूष. घरातल्याचा पेपर असला की गठ्ठा परत करायचा. चांगले मार्क द्यायचे असले तरी, आणि वाईट द्यायचे असले तरी.

पियूष: बाबा, तुमच्या त्या नियमापायी मला दहावीला इंग्रजीत एक्केचाळीस पडले.

बाळासाहेब: नियमापायी न्हाई. अभ्यास केला न्हाईस म्हणून पडले.

उर्मिला: भांडू नका रे. इथे फॉर्मवर विचारलंय सरळ, 'या लेखनाशी आपला काही हितसंबंध आहे का?' हो किंवा नाही.

पियूष: कसला आलाय हितसंबंध? बाबा बत्तिसातले एक. आणि तू तर नुसती दुभाषी. बाबा जे बोलले ते तू इंग्रजीत सांगितलंस. त्यात तुझं काय?

(उर्मिला फॉर्म बाजूला सारते. बाळासाहेब उठतात.)

पियूष: काय झालं? सांगितलंस ना?

बाळासाहेब: चहा टाकू का कुणाला?

उर्मिला: बाबा, तुम्ही बसा. पियूष, मी तसं सांगितलं नाही.

पियूष: म्हणजे?

उर्मिला: तिनं विचारलं, इथे तुम्हाला आपल्या घरी असल्यासारखं वाटतं का? बाबा म्हणाले, घर चांगलं आहे, पण माझं नव्हे. मला परत जायचंय, पण पोराला सांगवत नाही. आणि मी... मी तिला सांगितलं, घर सुंदर आहे, मुलांजवळ आहे, आणखी काय हवं. ते 'आणखी काय हवं' तर मी माझ्या पदरचं घातलं. ऐकायला बरं वाटलं म्हणून.

पियूष: उर्मिला!

उर्मिला: ओरडू नकोस. मला माहितेय. दोन वर्षं मी ते विसरल्याचं सोंग करत होते. चकल्यांचा घाणा, लोकांची गर्दी, मंडळातली ती स्वरांगी मागे उभी होती, तिनं ऐकलं असतं तर गावभर झालं असतं, सासऱ्यांना सांभाळत नाहीत म्हणून. पण ते काही खरं कारण नाही.

पियूष: मग काय खरं कारण?

उर्मिला: माझी ड्यूटी. सकाळी सातला मी घरातून बाहेर पडते, तू सहाच्या ट्रेननं जातोस. ईशानीला शाळेत कोण सोडतं? आणतं कोण? तिला ताप आला तर घरी कोण असतं? बाबा गेले तर माझी नोकरी कशी चालणार होती? दुभाषी म्हणून बसले आणि माझ्याच सोयीचं बोलले. हितसंबंध आणखी कसा असतो? यापेक्षा मोठा फॉर्मवर मावणारसुद्धा नाही.

बाळासाहेब: पोरी, रडू नको.

उर्मिला: मी रडत नाहीये. मला माझाच राग आलाय. बाबा, एक सांगा. कॉर्कचं इंग्रजी नव्हतं कळत, ते ठीक. पण माझं तर कळत होतं ना? मी तिला काय सांगत होते ते तुम्हाला कळलं होतं?

बाळासाहेब: कळलं की. तुझं इंग्रजी आपल्या बोर्डाचंच हाय.

उर्मिला: मग तिथल्या तिथे बोलला का नाहीत? 'हे माझं उत्तर नव्हे' एवढं म्हणायचं.

बाळासाहेब: मला वाटलं, ही म्हणती ते हिला खरं व्हावं असं वाटतंय. चांगल्या मनानं वाटतंय. मग म्हटलं, असू दे. त्या पोरीला तरी कुठं माझ्या घरी यायचं हुतं.

पियूष: बाबा, हा सगळा एका प्रश्नाचा तमाशा झालाय. माणूस असं बोलून जातो. तुम्हाला त्या दिवशी घरची आठवण आली असेल. दिवाळी होती.

बाळासाहेब: असंल.

पियूष: इथे काय कमी आहे तुम्हाला? खोली आहे, टीव्ही आहे, हॉस्पिटल दहा मिनिटांवर. तिकडे तासगावला एकटे कसे राहणार तुम्ही? बीपीच्या गोळ्या कोण देणार? उद्या पडलात, लागलं, तर मी काय इथून पळत येऊ? आणि लोक काय म्हणतील?

बाळासाहेब: लोक म्हणतील, सर आले.

पियूष: काय?

बाळासाहेब: काही न्हाई. मी गुरुवारपेठेतनं निघालो की मंडईत पोचेपर्यंत दहा जण 'सर' म्हणून थांबवतात. निम्म्यांची नावं आठवत न्हाईत, खरं प्रत्येकाचे मार्क आठवतात. इथं ती कुत्र्यावाली बाई भेटती. 'लव्हली डे' म्हणती, धो-धो पाऊस असला तरी. मी 'ग्रँड' म्हणतो. चार वर्षं झाली, माझं तेवढंच बोलणं. ग्रँड.

उर्मिला: पियूष, तू जरा गप्प बैस. मला हे पत्र लिहू दे. बाबा, तुम्ही ऐका आणि चुका सांगा. 'महोदय, हा निबंध मला तपासता येणार नाही. यातील एका सहभागीची मी सून आहे आणि त्याची दुभाषीही मीच होते. त्याचे उत्तर मी बदलून सांगितले.'

बाळासाहेब: 'किंचित' घाल. किंचित बदलून.

उर्मिला: किंचित नाही, बाबा. पार उलटं. 'इतर काही मुलाखतींतही तसेच झाले असावे असे मला समजले आहे. याच माणसांना बाहेरचा दुभाषी देऊन पुन्हा विचारावे, असे लेखकांना सुचवता येईल का, ते आपण ठरवावे. हा माझा रिव्ह्यू समजू नये. तसेच निबंधाचे एक पान माझ्या निष्काळजीपणामुळे घराबाहेर गेले.'

बाळासाहेब: तुझ्या न्हवं. माझ्या. ते खोडायचं. माझं नाव घाल, बाळासाहेब, माजी मॉडरेटर.

उर्मिला: मॉडरेटर कशाला?

बाळासाहेब: त्यांना कळू दे, ह्या माणसाला नियम ठावा हुता आणि तरी त्यानं केलं. उगं अडाणी म्हातारा म्हणून सोडून देतील.

उर्मिला: बरं. 'माझ्या सासऱ्यांकडून, जे स्वतः माजी मॉडरेटर आहेत.' ... हे वाचून तो एडिटर खुर्चीतून पडेल.

बाळासाहेब: टॉवेलाचं नको लिहू.

उर्मिला: नाही लिहीत.

पियूष: उर्मिला, एकदा विचार कर. हे पाठवलंस तर ते जर्नल तुला पुन्हा कधी विचारणार नाही. इंटरव्ह्यूला काय दाखवशील?

उर्मिला: काहीच नाही दाखवणार. विचारलं तर हेच सांगेन. नाही मिळाली जागा तर नाही मिळाली. ... गेलं. पाठवलं.

बाळासाहेब: शाब्बास.

उर्मिला: शाब्बास कसली? आणि बाबा, ईशानीचं आमचं आम्ही बघू. शाळेनंतर सांभाळणारी ती अश्लेषा आहे, दोन गल्ल्या सोडून. मी विचारीन तिला. ते तुमच्या डोक्यावर नाही आता.

पियूष: एक मिनिट. तुम्ही दोघांनी परस्पर ठरवूनच टाकलंत की! मला कुणी काही सांगणार आहे का? बाबा, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तिऱ्हाईत मुलीला सांगितलंत तुम्ही, चकल्या खाणाऱ्या. उर्मिलाला माहीत होतं. मी तुमचा मुलगा. मला एका शब्दानं बोलला नाहीत.

बाळासाहेब: तिनं विचारलं रे.

पियूष: म्हणजे?

बाळासाहेब: तू गोळ्या घेतल्या का विचारतोस, जेवलात का विचारतोस. रोज विचारतोस, त्याबद्दल काही म्हणणं न्हाई माझं. हे कधी विचारलं न्हाईस.

उर्मिला: पियूष.

पियूष: थांब गं. बाबा, तुम्हाला तासगावला परत जायचंय?

बाळासाहेब: व्हय.

पियूष: कायमचं?

बाळासाहेब: ते तिथं गेल्यावर कळंल. तू सध्या एकाच बाजूचं तिकीट काढ.